धोरण ठरतं तेव्हा खोलीत कोण असतं? : हवामान, उद्योग आणि उघडपणा

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. 'हवामान धोरण आणि कंपन्यांची लॉबिंग' म्हटलं की हा दिल्लीचा, फार तर मंत्रालयातला मामला आहे, आपला ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांचा त्यात काय संबंध, असं वाटू शकतं. म्हणून आधी संबंध सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

२७ जुलै २०१९ चा दिवस आठवा. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना होड्यांमधून बाहेर काढावं लागलं. त्या एका पुरावर 'हवामानबदल' असा शिक्का मारणं शास्त्राला धरून नाही. पण थोड्या वेळात धो धो कोसळणारा पाऊस वाढतो आहे आणि उल्हास-वालधुनीच्या काठी आपण दाटीनं राहतो आहोत, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुसरा संबंध एमआयडीसीचा. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीचा एक रस्ता गुलाबी झाला होता. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये इथे झालेल्या स्फोटांत कामगारांचे जीव गेले. आणि तिसरा संबंध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे आपल्या पैशांचा. त्याकडे शेवटी येऊ.

लाच, वशिला आणि लॉबिंग

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आमची एक सवय होती, वाद सुरू करण्याआधी शब्द वेगळे करायचे. इथे तर ते फारच गरजेचं आहे, कारण आपण 'लॉबिंग' म्हटलं की लगेच डोळ्यांसमोर पाकीट आणतो.

लाच म्हणजे निर्णय विकत घेणं. तो गुन्हा आहे. वशिला म्हणजे ओळखीच्या जोरावर आपल्यापुरता नियम वाकवणं. लॉबिंग या दोन्हींहून वेगळं आहे. नियम ठरत असतानाच तो कसा असावा याबद्दल ठरवणाऱ्यांना पटवणं, म्हणजे लॉबिंग. एखाद्या कारखानदार संघटनेनं मंत्र्यांना पत्र लिहिलं, की ही मुदत आम्हाला झेपणार नाही, यंत्रसामग्री बाजारात उपलब्ध नाही, कर्ज मिळत नाही, तर त्यात गैर काहीच नाही. उलट ज्याला नियम पाळायचा आहे त्याला विचारल्याशिवाय नियम करणं हाच मूर्खपणा ठरेल. डोंबिवलीतल्या छोट्या कारखानदारालाही आवाज हवा, आणि एकट्याचा आवाज पोचत नाही म्हणूनच तो संघटनेत जातो.

आपल्याकडे याची परंपराही जुनी आहे. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. सरकारकडे गाऱ्हाणी मांडणं हे तिचं कामच होतं. पण ती कशी मांडली, ते बघा. सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे 'तुम्ही कोणाच्या वतीनं बोलता?' या प्रश्नाचं उत्तर कागदावर तयार असे. पुढे १८७८ पासून सभेनं आपलं त्रैमासिक काढलं आणि सरकारपुढे काय मांडलं, हे छापील स्वरूपात लोकांसमोर येऊ लागलं. ही लॉबिंगच होती, पण भरदिवसा केलेली.

म्हणजे लॉबिंग असावी की नसावी, हा आजचा प्रश्नच नाही. कोण, कोणाच्या वतीनं, कोणाला, काय सांगतो आहे, हे बाकीच्यांना कळतं का, हा प्रश्न आहे.

उघडपणाची कसोटी

इमान्युएल कांटनं १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या परिशिष्टात एक कसोटी आहे, ती आमच्या शब्दांत सांगतो. दुसऱ्यांच्या हक्कांना स्पर्श करणारं एखादं काम तुम्हाला करायचं आहे, पण त्यामागचं तत्त्व जाहीर केलं तर कामच फसेल अशी स्थिती आहे. असं असेल, तर त्या कामात अन्याय आहे असं समजा.

ही कसोटी सोपी दिसते, पण कंपन्यांना लावून बघा. समजा एक कंपनी वार्षिक अहवालात लिहिते की आम्ही कार्बन कमी करायला बांधील आहोत. आणि तीच कंपनी ज्या संघटनेला वर्गणी देते, ती संघटना कार्बनचे नियम लांबणीवर टाका म्हणून पत्रं लिहिते. दोन्ही कागद शेजारी ठेवून जाहीर करायला कंपनी तयार आहे का? तयार असेल, तर तिच्याकडे काही कारण असेल, ते ऐकू या. तयार नसेल, तर कसोटीचा निकाल लागला.

हे कल्पनेतलं उदाहरण नाही. अमेरिकेत १९८९ ते २००२ पर्यंत ग्लोबल क्लायमेट कोअलिशन नावाची संघटना होती. तेल, कोळसा, मोटार उद्योगातल्या मोठ्या कंपन्या तिच्यात होत्या. हवामानबदलाचं शास्त्र अजून पक्कं नाही, असं ती जाहीरपणे सांगत असे. २००९ मध्ये एका खटल्यातून तिचे अंतर्गत कागद बाहेर आले. तेव्हा दिसलं, की १९९५ मध्येच तिच्या स्वतःच्या तज्ज्ञांनी हरितगृह वायूंच्या परिणामाचा शास्त्रीय पाया नाकारता येणार नाही, असं लिहून ठेवलं होतं. बाहेर एक आणि आत दुसरं. यात किती वर्षं गेली ते मोजा, म्हणजे दडवण्याची किंमत कळेल.

आता उलट उदाहरण. बीएचपी ही खाणउद्योगातली मोठी कंपनी. तिनं डिसेंबर २०१७ मध्ये आपण कोणकोणत्या संघटनांचे सभासद आहोत आणि हवामानाबाबत त्यांच्या व आपल्या भूमिका कुठे जुळत नाहीत, याचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी ती जागतिक कोळसा संघटनेतून बाहेर पडली. कंपनी एका दिवसात साधुसंत झाली असं नाही. भागधारकांनी प्रश्न विचारले म्हणून आढावा निघाला, आणि आढावा छापला गेला म्हणून विसंगती लपवता आली नाही. एवढंच, पण हे 'एवढंच' फार महत्त्वाचं आहे.

डहाणूची गोष्ट

आपल्या भागातलं याहून बोलकं उदाहरण डहाणूचं आहे. आज डहाणू पालघर जिल्ह्यात आहे, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते आपल्या ठाणे जिल्ह्यात होतं. तिथे बीएसईएसचं ५०० मेगावॅटचं कोळशावर चालणारं वीजकेंद्र उभं राहिलं. मुंबईच्या उपनगरांना वीज मिळाली, आणि धूर चिकूच्या वाड्यांच्या व वारली पाड्यांच्या वाट्याला आला.

जून १९९१ मध्ये केंद्रानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्या नियमांच्या अंमलबजावणीसाठी स्थानिक लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

या प्राधिकरणाचं वैशिष्ट्य हे की कंपनी आणि गावकरी एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बोलत. कंपनीचे अधिकारी आपली अडचण सांगत, बागायतदार आपली सांगत, आणि दोघांचं म्हणणं ऐकून लेखी आदेश निघे. १९९९ मध्ये प्राधिकरणानं सांगितलं, की धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा, जिला एफजीडी म्हणतात, ती बसवा. कंपनीला ते सहजी मान्य नव्हतं. खर्च, गरज, तंत्रज्ञान, सगळे मुद्दे निघाले. मधल्या काळात बीएसईएसची रिलायन्स झाली. वेळ लागला, बँक हमी मागावी लागली, पण २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली. २०१८ मध्ये केंद्र अदानींकडे गेलं, यंत्रणा आपल्या जागी राहिली.

आता याच यंत्रणेची देशपातळीवरची कथा बघा. ७ डिसेंबर २०१५ ला केंद्रानं देशातल्या सगळ्या कोळसा वीजकेंद्रांसाठी गंधकासकट नवी मानकं जाहीर केली. मुदत दोन वर्षांची. मग मुदत २०२२ पर्यंत वाढली. मग २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे तीन गट पाडले गेले. मग २०२२ मध्ये पुन्हा मुदतवाढ, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एकदा. आणि जुलै २०२५ मध्ये 'क' गटाला, म्हणजे देशातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त केंद्रांना, काही अटींवर एफजीडीतून सूटच मिळाली. 'ब' गटाचं प्रत्येकाचं वेगळं ठरणार. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर वस्तीची शहरं यांच्या दहा किलोमीटर परिघातला 'अ' गट तेवढा २०२७ अखेरच्या मुदतीत राहिला.

इथे घाई करू नका. 'बघा, कंपन्यांनी सरकार खिशात घातलं' असं लगेच म्हणायचा मोह होतो, पण तेवढ्यानं ते सिद्ध होत नाही. सरकारनं सूट देताना काही संशोधन संस्थांच्या अभ्यासांचा आधार दिला. भारतीय कोळशात गंधक कमी असतं, बहुतेक ठिकाणच्या हवेत गंधक वायू मर्यादेत आहे, आणि एफजीडी चालवायला वीज व चुनखडी लागत असल्यानं कार्बन उत्सर्जन उलट थोडं वाढतं, असे ते मुद्दे. दुसऱ्या बाजूचे तज्ज्ञ म्हणतात, की गंधक वायूपासून हवेत सूक्ष्म कण तयार होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात, त्यामुळे केंद्राशेजारची मोजणी पुरेशी नाही. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत.

मग आमची तक्रार काय? तक्रार ही, की दहा वर्षांत मुदत पुन्हा पुन्हा का वाढली, कोणत्या कंपनीनं किंवा संघटनेनं केव्हा काय मागितलं, त्याला मंत्रालयानं काय उत्तर दिलं, हे सगळं नागरिकाला एका जागी वाचायला मिळत नाही. डहाणूत वाद झाला तो दोन्ही पक्षांच्या समोर झाला. हरलेल्याला आपण का हरलो ते समजलं. देशपातळीवर निकाल कळला, वाद कळला नाही. निर्णय बरोबरही असू शकतो. पण बरोबर आहे की नाही हे तपासायची सोय नसेल, तर त्यावर विश्वास ठेवा असं आपल्याला कोणत्या आधारावर सांगणार?

कायदा काय म्हणतो

भारतात लॉबिंगसाठी वेगळा कायदा नाही. अमेरिकेत १९९५ पासून लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी आणि खर्च जाहीर करावा लागतो. युरोपीय संघाचं नोंदणीपुस्तक २०११ पासून आहे. गंमत अशी, की २०१२ च्या अखेरीस वॉलमार्टनं भारताच्या बाजारात शिरण्यासंबंधीही लॉबिंगवर खर्च केल्याचं आपल्याला कळलं, ते अमेरिकेतल्या नोंदींमधून. मग इथे गदारोळ झाला, चौकशी समिती नेमली गेली. २०१३ मध्ये कलिकेश सिंह देव यांनी लोकसभेत लॉबिंगची माहिती जाहीर करण्याबाबत खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

पण हात अगदी रिकामेही नाहीत. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, माहिती अधिकार कायदा २००५. कंपनी थेट त्याच्या कक्षेत येत नाही, पण कंपनीनं मंत्रालयाला लिहिलेलं पत्र मंत्रालयाच्या फायलीत असतं, आणि मंत्रालय कक्षेत येतं. व्यापारी गुपिताचं कारण सांगून माहिती नाकारता येते, पण व्यापक जनहित असेल तर तीही देता येते. याच कायद्याचं कलम ४ सांगतं, की लोकांवर परिणाम करणारी धोरणं आखताना सर्व संबंधित तथ्यं कोणी न मागताही प्रसिद्ध करावीत. हे कलम आपण फार कमी वापरतो.

दुसरी, २०१४ चं केंद्राचं कायदापूर्व सल्लामसलत धोरण. मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा सारांश संकेतस्थळावर द्यावा, असं ते म्हणतं. धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे पाळलं तर पाळलं. मसुदा कळेल अशा भाषेत मिळणं हाही प्रश्नच. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा आला, तेव्हा त्याची भाषांतरं आठव्या अनुसूचीतल्या भाषांत करावीत, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यानं इंग्रजी मसुद्यावर हरकत कशी घ्यावी?

तिसरी गोष्ट सेबीची. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानं पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' नावाचा अहवाल सक्तीचा आहे. त्यात नऊ तत्त्वं आहेत. सातवं तत्त्व आपल्या विषयाचं: धोरणांवर प्रभाव टाकायचा तर तो जबाबदारीनं आणि पारदर्शकपणे टाकावा. छान. पण खाली काय भरायचं ते बघा. कंपनी कोणत्या व्यापारी-औद्योगिक संघटनांची सभासद आहे, त्यातल्या प्रमुख दहांची नावं देणं सक्तीचं आहे. मात्र कंपनीनं कोणत्या धोरणाची बाजू घेतली, कोणत्या मार्गानं घेतली, ती माहिती लोकांसाठी खुली आहे का, संचालक मंडळ तिचा आढावा कधी घेतं, हा तक्ता ऐच्छिक भागात आहे.

म्हणजे 'तुम्ही कोणत्या मंडळाचे सभासद?' हे सांगणं भाग आहे, 'मंडळात बसून काय बोललात?' हे सांगणं मर्जीवर आहे. शिवाय आपल्या एमआयडीसीतले बहुतेक कारखाने लहान, शेअर बाजारात न नोंदलेले. त्यांना हा अहवाल लागूच नाही.

कारभाराचा प्रश्न इथेच येतो. पत्र कोण लिहितं? बहुधा कंपनीचा एखादा विभाग किंवा संघटनेचा सचिव. संचालक मंडळाला ते माहीत असतं का? जाहिरातीत 'हरित' म्हणणारे आणि सरकारला पत्र लिहिणारे एकाच कंपनीतले दोन वेगळे मजले असतील, तर दोन्ही मजल्यांना जोडणारा जिना म्हणजे संचालक मंडळाची जबाबदारी. तो तक्ता सक्तीचा व्हायला हवा, तो त्यासाठी.

'पण असं उघड्यावर काम होतं का?'

हा प्रश्न मागच्या रांगेतून आला आहे, आणि तो योग्य आहे. सगळं उघड केलं तर अधिकारी आणि उद्योग मोकळेपणानं बोलणार नाहीत, असं म्हटलं जातं.

उत्तरासाठी आपल्या विजेच्या बिलाकडे बघा. महावितरणचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. त्यासाठी जाहीर सुनावणी होते. मोठे उद्योग, ग्राहक संघटना, पुण्याच्या प्रयाससारख्या अभ्यासू संस्था, साधे ग्राहक, सगळे लेखी म्हणणं देतात. आदेशात त्या सूचनांचा सारांश असतो, कंपनीचं उत्तर असतं आणि आयोगाचा निर्णय असतो. दर आपल्याला पटतात असं नाही. पण कोण काय म्हणालं ते आदेश उघडून वाचता येतं, आणि उद्योगांनी बोलणं काही थांबवलेलं नाही. जे विजेच्या दराला जमतं ते धुराच्या मर्यादेला का जमू नये?

आणि लोकशाहीत हा अधिकार किती मूलभूत आहे, हे १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोख्यांच्या निकालात सांगितलं. पक्षांना पैसा कुठून येतो हे कळणं मतदाराच्या माहितीच्या अधिकारात येतं, असा त्याचा गाभा. तोच तर्क एक पाऊल पुढे न्यायला हवा. पैसा कोणी दिला हे जर कळायला हवं, तर नियम कोणाच्या सांगण्यावरून बदलला हेही कळायला हवं.

आपण काय करायचं

आता तो तिसरा संबंध. ऑगस्ट २०१५ पासून भविष्य निर्वाह निधीचा काही भाग शेअर बाजारातल्या निर्देशांक फंडांत गुंतवला जातो. आपल्यापैकी अनेकांची एसआयपी आहे. सकाळच्या लोकलला लटकत जाणाऱ्या माणसाचा पैसा त्याच्या नकळत देशातल्या मोठ्या कंपन्यांत आहे. म्हणजे त्या कंपन्या जे बोलतात ते काही अंशी आपल्या पैशावर बोलतात. मग तुम्ही आमच्या वतीनं काय बोलता, हे विचारणं आगाऊपणाचं नाही, हक्काचं आहे.

त्यासाठी चार साध्या गोष्टी. आपल्या फंडातल्या एखाद्या कंपनीचा बीआरएसआर अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि फक्त सातवं तत्त्व वाचा, दहा मिनिटांचं काम आहे. ऐच्छिक तक्ता रिकामा असेल तर कंपनीच्या गुंतवणूकदार कक्षाला एक ईमेल लिहा. म्युच्युअल फंडांना कंपन्यांच्या ठरावांवर मतदान करणं आणि ते जाहीर करणं सेबीनं बंधनकारक केलं आहे, तेव्हा फंडालाही विचारा. आणि एखादा हवामानविषयक मसुदा आला, जसा एप्रिल २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद उद्योगांच्या कार्बन मर्यादांचा आला होता, तर मुदतीत दोन ओळींची का होईना सूचना पाठवा, आणि नंतर माहिती अधिकारात बाकी सगळ्यांच्या सूचना मागवा.

एका ईमेलनं काही होणार नाही, हे खरं. डहाणूतही एका अर्जानं झालं नव्हतं, आदेशापासून यंत्रणा चालू होईपर्यंत आठ वर्षं लागली. पण तिथे एक नोंद तयार होत गेली. नोंद असली की पुढच्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

येत्या पंधरवड्यात प्रत्येकानं एका कंपनीचं सातवं तत्त्व वाचून यावं. पुढच्या व्याख्यानाची पहिली वीस मिनिटं आपण त्याच तक्त्यांसाठी ठेवू. कोणते भरलेले आहेत, कोणते कोरे, ते सगळे मिळून पाहू.